जावयाने बसवलेल्या पेट्या

२ मार्च

आज आमच्या जिन्याखालची जुनी प्लॅस्टिकची मेनपेटी निघाली आणि तिच्या जागी पत्र्याची लागली. करड्या रंगाची, दाराला छोटीशी कडी. ती पिवळी पडलेली डबी बघायची इतकी सवय झाली होती, की आता तिथं कुणी नवा पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटतंय.

नवा नियम आलाय. घरातली वीजपेटी यापुढे धातूचीच हवी. मला विचारलं असतं तर मी हे केव्हाच सांगितलं असतं. पेटीतला एखादा स्क्रू सैल राहतो, तार तापते, प्लॅस्टिक आधी वितळतं आणि मग पेट घेतं. आणि लोकांच्या पेट्या असतात कुठं, तर जिन्याखाली, रद्दीच्या आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी. पत्रा निदान आग पोटात तरी ठेवतो.

कॉलनीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाहेरचा ठेकेदार कशाला शोधायचा? आपल्या फ्यूजकाकू आहेत की." सगळ्यांनी माना डोलावल्या. खऱ्या नावाने मला इथं कुणी ओळखतच नाही. हे गेल्यापासून कुणाचा फ्यूज उडाला की मीच धावते. ह्यांची शिडी धरता धरता शिकले, मग पुस्तकं आणून वाचली, परीक्षा दिली, परवाना काढला. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. म्हणून परवाना माझा आणि हात जावईबापूंचे.

बापू म्हणाले, "आई, पहिली पेटी तुमची. सुरुवात तुमच्या घरापासून." झाकण लावल्यावर त्यांनी ते स्वतःच्या रुमालाने पुसलंसुद्धा. ऊर भरून आला. पोटच्या मुलाने तरी एवढं केलं असतं की नाही कोण जाणे.

६ मार्च

आज बापूंना समोर बसवून नीट समजावलं. पत्र्याच्या पेटीचं एक दुखणं असतं. प्लॅस्टिक करंट धरत नाही, पत्रा धरतो. तेव्हा पत्र्याच्या पेटीला अर्थिंग पक्कं हवं. नाही तर आगीपासून वाचवायला बसवलेली पेटी स्वतःच माणसाला धरायची.

पूर्वी कॉलनीत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधायचे. पाइप जमिनीत जायचा, काम भागायचं. मध्यंतरी नळवाल्याने सगळीकडे प्लॅस्टिकचे पाइप घातले. त्या तारा आता नुसत्या लोंबताहेत, जमिनीशी त्यांचा काडीचा संबंध उरलेला नाही. म्हणजे प्रत्येक घराला स्वतःची तांब्याची सळई जमिनीत ठोकायला हवी. आणि इथली जमीन म्हणजे वर वीतभर माती, खाली नुसता कातळ.

"सळई गेलीच नाही तर?" बापूंनी विचारलं.

"घणाने जाते. एका जागी नाही गेली तर दुसऱ्या जागी ठोकायची. खांदे भरून येतात, पण जाते."

"बरं. तुम्ही आता काळजी सोडा, आई."

"सोडली," म्हटलं. ती मला कुठं सोडता येते, पण म्हटलं.

११ मार्च

बापू म्हणजे कामाला वाघ आहेत. निम्मी गल्ली झालीसुद्धा. मी रोज एखाद्या घरी जाऊन दिवा लावून बघते. माझी पद्धत जुनीच आहे. होल्डरमध्ये दिवा, त्याला दोन तारा. एक तार प्लगच्या फेजमध्ये, म्हणजे करंट येतो त्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात. अर्थिंग असेल तर दिवा नुसता डोळा मिचकावतो आणि पेटीतला ईएलसीबी खट्कन पडतो. करंट भलत्या वाटेने निघालाय हे त्याला कळतं, म्हणून तो सगळी वीज तोडतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही.

ज्या घरी गेले त्या घरी दिव्याने डोळा मिचकावला. खट्, खट्. तो आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो.

एक गंमत लिहायची राहिली. आमचा घण मागच्या दारी तसाच पडून आहे, दांड्यावर कोळ्याने जाळं विणलंय. बापूंना विचारलं तर म्हणाले, "मित्राकडून ठोकायचं मशीन आणलंय. घणाचे दिवस गेले, आई." खरंच गेले असतील. हल्ली सगळ्यालाच मशीन असतं.

१५ मार्च

आज माझ्या हातून मोठा आगाऊपणा होता होता राहिला. कोपऱ्यावरच्या घरात दिवा लावून झाला, तरी सवयीने मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. म्हटलं झाकण काढून आत एक नजर टाकू. तारा कशा वळवल्यात, भोकांना रबराच्या रिंगा आहेत का. पत्र्याची कड धारदार असते, रिंग नसेल तर तारेचं कातडं सोलते.

लेक माझ्याबरोबर होती. बाबी माझ्या कानाशी पुटपुटली, "आई, काय करतेस? जावयाचं काम सासू उघडून बघतेय असं दिसेल. ह्यांना काय वाटेल?"

बापू दारातच उभे होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्क्रूड्रायव्हर परत पिशवीत टाकला आणि घरच्या बाईला म्हटलं, "पेटी काय देखणी दिसतेय नाही?"

बाबीचं बरोबर आहे. परक्या कारागिराचं काम मी शंभरदा उघडून बघते. घरच्या माणसाचं उघडून बघितलं की त्याचा अर्थ वेगळा होतो. वाटेत ती म्हणाली, "तू आता घरी बस गं. गुडघे बघ जरा. हे बघतात ना सगळं." माझी इतकी काळजी करते. बापावर गेली आहे.

२३ मार्च

शिंपीणबाईंकडे ब्लाउज टाकायला गेले होते. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं. "काकू, तुमची नवी पेटी लाडिक आहे हो. इस्त्री लावली की माझ्या मशीनला मुंग्या येतात. परवा तर सुई ओवता ओवता बोट झिणझिणलं."

मी म्हटलं, "बोटात मुंग्या तुमच्या वयात येणारच." त्या हसल्या. "वय काढू नका. तुमच्याहून लहान आहे." मी मशीनला हाताची पालथी बाजू लावून बघितली. काहीच नाही. मग इस्त्री लावली आणि पुन्हा हात लावला. अगदी बारीक, मुंगीच्या पायासारखं काहीतरी जाणवलं. दिव्याने बघितलं तर खट्. म्हणजे अर्थिंग आहे.

मग मुंग्या कशाच्या? इस्त्रीत गळती असती तर ईएलसीबी आधीच पडायला हवा होता. तो पडत नाही. हे गणित मला सुटेना. झाकण उघडावंसं वाटलं, पण नको. बापूंनाच विचारीन.

२४ मार्च

विचारलं. बापू म्हणाले, "इस्त्री जुनी आहे त्यांची, आई. आणि फरशी ओली असते, पायात चपला नसतात. त्यांना सांगा, रबरी चप्पल घाला." मी सांगून आले. ईएलसीबी का पडत नाही, ते विचारायचं राहूनच गेलं. बापू घाईत होते.

३ एप्रिल

अक्षर लागलं नाही तरी लिहिते.

दुपारी वारा सुटला होता. शिंपीणबाईंच्या घरचे दिवे गेले. त्या इस्त्री तशीच लावलेली ठेवून जिन्याखाली पेटी बघायला गेल्या. ताज्या पुसलेल्या फरशीवर अनवाणी. कडी उघडायला पत्र्याला हात लावला आणि फेकल्या गेल्या. शेजारणीने आरडाओरडा केला म्हणून कळलं. खांदा निखळलाय, तळवा भाजलाय. डॉक्टर म्हणाले, फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. चिकटल्या असत्या तर वाचल्या नसत्या.

मी खांबावरची लाईन बंद करवली आणि पेटीसमोर बसले. जमिनीवरच, गुडघ्यांची पर्वा न करता. झाकण काढलं.

आत न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, पट्टीपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत तारेचा एक आखूड तुकडा. वीतभरही नाही. हिरव्या रंगाचा, व्यवस्थित वळवलेला, दोन्ही टोकांचे स्क्रू कसून बसवलेले. ईएलसीबीच्या अलीकडे, खांबाच्या बाजूला जोडलेला, म्हणजे त्याला पत्ता लागू नये असा. सळईकडे जाणारी तार पेटीतून बाहेर पडून प्लॅस्टरमागे गेली होती. तिच्या मागोमाग गेले. परसात ती मातीत बोटभर खोचलेली होती, रोप लावावं तशी. टोकाला काहीही नव्हतं.

ही लबाडी आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीत सळई न ठोकता न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडायचं. दिवा लावून बघणाऱ्याला अर्थिंग मिळाल्यासारखं दिसतं. माझा दिवा इतके दिवस त्या तुकड्याला बघून डोळा मिचकावत होता. दिव्याचा करंट ईएलसीबीला चुकवून त्या तुकड्यावरून परत जायचा, म्हणून ईएलसीबी पडायचा. इस्त्रीच्या वेळी मुंग्या येत होत्या, कारण खांबावरचा न्यूट्रलचा जोड आधीच सैल होता. आज वाऱ्याने तो सुटला. दिवे गेले, पण फेज चालूच होता. इस्त्रीतून आत आला, परत जायला वाट नाही, म्हणून त्या तुकड्यावरून सगळ्या पत्र्यात शिरला. मशीनमध्ये, फ्रिजमध्ये, पेटीत. अंधार झालेल्या घरात प्रत्येक धातूला करंट. आणि ईएलसीबी आपला शांत, कारण त्याच्यातून जेवढा गेला तेवढाच परत आलेला त्याला दिसत होता.

मला वाटतं बापूंना हे कळलंच नसेल. कुणा अर्धवट माणसाने त्यांना सांगितलं असेल की असं जोडलं तरी चालतं. मीच नीट समजावलं नसेल.

४ एप्रिल

सकाळी आमच्या जिन्याखालची पेटी उघडली. रुमालाने पुसलेली.

तोच तुकडा. तसाच वळवलेला.

मी अंगणात खुर्ची घेऊन बसले आणि दुपारपर्यंत उठले नाही.

५ एप्रिल

बाबीकडे गेले. बापू कामावर होते. जाताना सगळ्या वाटेभर मनाशी घोकत होते, की तिच्याही घरी तसंच असेल, म्हणजे ते अज्ञानच ठरेल. आपल्या लेकीच्या घरात खोट निघावी म्हणून मी देवाला विनवत चालले होते. एवढी वेळ आली.

बाबी चहा ठेवत होती तेवढ्यात मी स्क्रूड्रायव्हर काढला. ह्या वेळी तिने मला अडवलं नाही.

पेटी इतकी सुंदर बसवली होती, की ह्यांनी बघितली असती तर पाठ थोपटली असती. प्रत्येक भोकाला रबराची रिंग. न्यूट्रल वेगळा, अर्थिंग वेगळं, मध्ये कसलाही तुकडा नाही. अर्थिंगची जाड तार भिंतीतून अंगणात. तिथं फरशीत छोटा चौकोनी खड्डा, वर झाकण, आत सळईचं डोकं, घणाच्या घावांनी चेपलेलं. झाकणावर तिने मोगऱ्याची कुंडी ठेवली होती.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"पेट्यांचं काम घेतलं त्याच्या आधी."

"कातळ लागला असेल."

"लागला ना. दोन दिवस ठोकत होते. तळहात फुटले ह्यांचे." तिने चहा गाळला. "साखर कमी घालू?"

"बाबी, माझ्या घरी काय जोडलंय तुला माहीत आहे?"

ती गाळणी धुवायला लागली. धुतलेली पुन्हा धुतली.

"आई, तसं पुष्कळ ठिकाणी करतात. हे म्हणाले, काही होत नाही. खांबावरची तार तुटली तरच होतं, आणि ती कशाला तुटेल?"

"मग तुझ्या अंगणात दोन दिवस तळहात कशाला फोडून घेतले?"

"आमच्याकडे लहान मूल आहे."

"आणि बाकीच्यांकडे काय दगडधोंडे राहतात?"

ती रडायला लागली. मी नेहमीसारखी उठून जवळ गेले नाही. चहा टेबलावर तसाच राहिला. ती मला घरी बस म्हणत होती, गुडघे सांभाळ म्हणत होती, ते मी माया म्हणून उशाशी घेऊन झोपत होते. ते सगळं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पिशवीत राहावा म्हणून होतं. बापूंनी केलं ते मी एक वेळ पचवीन. ते दुसऱ्याच्या घरातून आले. हिला मी बोट धरून चालायला शिकवलं, आणि हिने केसाने गळा कापला. तोही अगदी हळूच, दुखू नये म्हणून.

६ एप्रिल

बापू आले. चप्पल बाहेर नीट जोडीने काढून ठेवली. नेहमीपेक्षा जास्त नीट.

"आई, रागावला असाल."

"सळया का नाही ठोकल्या?"

"कातळ फोडत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. लोक रोज विचारायचे, फ्यूजकाकूंचं काम एवढं सावकाश कसं? मी तुमचंच नाव राखलं."

"आणि ते मशीन?"

"कुठलं मशीन?"

"ठोकायचं. मित्राकडून आणलेलं."

स्वतःचं खोटंही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याचं मला का कोण जाणे जास्त लागलं. मी ते जपून ठेवलं होतं, त्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्यांनी ते उभ्या उभ्या टाकून दिलेलं.

मग म्हणाले, "मी सर्व्हिसिंगच्या नावाने प्रत्येक घरी जातो. ते तुकडे काढून टाकतो. सळया मागाहून ठोकू, सवडीने. शिंपीणबाईंचं म्हणाल तर वारा होता, तार तुटली. ती काय आपण तोडली नाही."

"तुकडे काढले की पेट्यांना अर्थिंगच उरणार नाही. तोवर कुणी पेटीला हात लावायचा नाही असं घरोघरी सांगणार का तुम्ही?"

"सांगितलं तर विचारतील का म्हणून."

"विचारतीलच."

त्यांनी खाली बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "परवाना तुमचा आहे, आई. माझं काय, मी दुसऱ्या कुणाकडे काम करीन. तुम्ही ह्या वयात लोकांना काय तोंड दाखवणार? नीट विचार करा."

आई म्हणताना त्यांचा आवाज नेहमीच असा मऊ होतो. मी त्यावर किती भाळले होते.

ते गेल्यावर मी विचार केला. खोटं कशाला लिहू, वेळ मारून नेण्याचाही विचार केला. शिंपीणबाई बऱ्या होतील. वारा रोज सुटत नाही. बाबीचा संसार आहे, नातवाचं तोंड आहे. हे सगळं मी मनातल्या मनात मांडलं, आणि मला ते पटायला लागलं. पटायला लागलं तशी मला माझीच भीती वाटली. मी उठून चपला घातल्या.

७ एप्रिल

काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत घरोघरी गेले. प्रत्येक घरी एकच सांगितलं. "पेटीत खोट आहे. अर्थिंग खोटं आहे. दिवे गेले तर पेटीला, फ्रिजला, कशाला हात लावू नका. आधी खांबावरून लाईन बंद करवा. काम माझ्या परवान्यावर झालंय, तेव्हा जबाबदार मी." वीज ऑफिसात जाऊन साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, परवान्याचं काय करायचं ते वरून ठरेल. ठरू दे.

कुणी दार लावून घेतलं. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, "देखणी पेटी म्हणालात ना तुम्ही?" मी हो म्हटलं. अध्यक्ष बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि शेवटी म्हणाले, "काकू, तुम्ही होतात म्हणून आम्ही विचारलंसुद्धा नाही हो." शिव्या परवडल्या असत्या.

शिंपीणबाईंकडे शेवटी गेले. हात गळ्यात बांधलेला, तळव्याला पट्टी. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी मुंग्यांचं सांगितलं तेव्हा झाकण नाही उघडलंत?"

"नाही."

"का?"

"घरचा माणूस होता म्हणून."

"आणि माझ्या घरात मी होते काकू. मी काय परकी होते तुम्हाला?" मग म्हणाल्या, "ब्लाउज अर्धाच झालाय. हाताचं काही खरं नाही, दुसरीकडे टाका." मी म्हटलं, थांबते.

१२ एप्रिल

बाबीने फोन उचलला नाही.

२१ एप्रिल

पलीकडच्या गल्लीतल्या वायरमनला काम दिलंय. गेली कित्येक वर्षं मी त्याला नावं ठेवत आले. बोलतो फार, बिड्या ओढतो, तारा जिलबीसारख्या वळवतो. पण सळई ठोकताना अंगणात त्याच्याजवळ उभी राहिले तर घामाने निथळत होता, आणि तीन ठिकाणी अडली तर चौथ्या ठिकाणी ठोकत होता. आमचाच घण दिलाय त्याला.

आज शिंपीणबाईंचं घर झालं. झाकण लावून तो म्हणाला, "झालं काकू. या, लावा तुमचा दिवा."

मी म्हटलं, "झाकण काढा."

"आत्ताच तर लावलं."

"काढा. आतून बघायचंय. मग परसात सळईही बघायची आहे."

त्याच्या कपाळाला आठी पडली. स्क्रू काढता काढता म्हणाला, "एवढा काय संशय? मी काय तुमच्या घरचा आहे का फसवायला?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. शिंपीणबाई खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. मला हसू आलं. खरंच आलं, आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. तो बिचारा "तसं नाही काकू, तसं नाही" म्हणत राहिला.

आतलं काम नीट होतं. न्यूट्रल वेगळा, अर्थिंग वेगळं, रिंगा जागच्या जागी. तारा जिलबीसारख्याच होत्या. मी एकेक स्क्रू हाताने कसून बघितला, परसात जाऊन सळई हलवून बघितली, आणि मगच झाकण लावायला सांगितलं. पुढच्या घरी तो न सांगताच झाकण उघडं ठेवून बाजूला उभा राहिला.